लेकीची मॅच पाहायला गेले

ये सुमे, अशी जवळ बस. लांबून ऐकण्यासारखं नाही हे. आणि बसण्याआधी तुझा कान धरते. मी अजमानहून आले नाही तोच तू सगळीकडे सांगत सुटलीस, "ताई लेकीकडे बंदुका बघायला गेली होती," आणि वर ते डोळ्यांतून पाणी काढून हसणारं पिवळं तोंड ग्रुपवर टाकलंस. थोरल्या बहिणीचं आधी नीट ऐकून घ्यावं, मग हसावं, एवढंही आईनं शिकवलं नाही का तुला? म्हणून आता तोंडाने सांगतच नाही. लिहूनच काढते, म्हणजे तुला मध्ये तोडता येणार नाही. तुझ्यासारख्या हसणाऱ्या आणखी चौघी वाचणार असतील तर त्यांनीही वाचावं.

चिपळूण सोडलं तेव्हा बॅगेत कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड आणि माझ्या गुडघ्याचं तेल. जावयाचा, प्रसादचा फोन आला होता. "आई, ईराची शाळा चालू आहे, मृणालच्या डोक्यात सध्या फक्त मॅच आहे. तुम्ही आलात तर घर चालेल." म्हणजे बोलावणं मला नव्हतं, माझ्या हातांना होतं. हे काय मला कळत नाही? कळूनही गेले. आपण बायका जातोच.

विमान शारजाला उतरायला लागलं तशी खाली जमीन दिसली. मंद भाजलेल्या रव्याच्या रंगाची, नि कुठे झाड नाही. मग एकदम इमारती, आणि पलीकडे निळं पाणी. मृणाल न्यायला आली होती. मिठी मारली तर खांदे दगडासारखे. हात हातात घेतला तर अंगठ्याच्या मुळाशी घट्टा.

"हे काय गं? धुणी धुतेस की काय?"

"ग्रिपचं आहे आई. पिस्तूल पकडून होतं."

"नवऱ्याने एवढी वॉशिंग मशीन घेऊन दिलीये, तरी हातांना घट्टे करून घेतलेस."

हसली नाही. गाडी चालवताना तिचा डावा हात एक लहान स्प्रिंगचं यंत्र दाबत होता. सिग्नलला थांबली की दाबायची, सुटली की सोडायची. शारजाहून अजमान म्हणजे आपल्या चिपळूण-सावर्डे एवढं अंतर नसेल, पण संध्याकाळी सगळी नोकरदार माणसं दुबई-शारजाहून अजमानला झोपायला परततात, कारण तिथे भाडं परवडतं. गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. त्या रांगेत लेकीने मला तिचा खेळ समजावला.

तू टीव्हीवर पाहतेस ना, एका जागी उभं राहून, श्वास रोखून, एका ठिपक्यावर नेम धरतात, ते हे नव्हे. हे पळत पळत. लाकडी आडोसे उभे केलेले असतात, खिडक्या असतात, दारं असतात. त्यांच्यामागे पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि लोखंडी पत्रे. शिट्टीसारखा बीप वाजला की सुटायचं, प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन गोळ्या घालायच्या, आणि शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागायचं. नेम चांगला पण पाय जड, तर उपयोग नाही. पाय चपळ पण गोळ्या भलतीकडे, तरी उपयोग नाही. मध्ये पांढरे पुठ्ठेही असतात. ते निरपराध माणसाचे. त्याला लागली तर गुण जातात.

"आणि शिस्त मोडली तर?"

"तर स्टॉप. बाहेर. पूर्ण मॅचमधून. कितीही चांगली चाललेली असो."

या हिवाळी मॅचमध्ये बायकांत पहिल्या तिघींत आली तर मृणाल क्लबच्या संघात जाणार होती, आणि संघ पुढे परदेशी खेळायला. तीन वर्षं ती त्यासाठी झिजत होती. आदल्या वर्षी चौथी आली. ते तिने मला तेव्हा फोनवर सांगितलंही नव्हतं.

अजमानच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्या सकाळी उठले तर हॉलमध्ये मृणाल भिंतीकडे तोंड करून उभी. भिंतीवर तिकिटाएवढे तपकिरी कागद चिकटवलेले. कमरेला पट्टा, हातात काही नाही. पिस्तूल तिथे घरी आणता येत नाही, ते क्लबच्या तिजोरीत. अगदी खेळण्यातलंही घरात नको, असं तिचं म्हणणं. उगाच कुणाचा गैरसमज नको. म्हणून रिकाम्या हाताने. हात कमरेला जायचा, वर यायचा, दोन्ही पंजे एकमेकांत बसायचे आणि नजर एका कागदावरून दुसऱ्यावर. सुताराकडून तिने मॅगझिनच्या (गोळ्या भरायच्या डबीच्या) मापाचे लाकडी ठोकळे करून घेतले होते. एक ठोकळा तळहातातून खाली सोडायचा, पट्ट्यातला दुसरा काढून जागेवर बसवायचा, हे सगळं पळता पळता.

प्रसाद चहाचा कप घेऊन आला. "बघा आई, तुमची कमांडो. ऑफिसची फाइल एवढ्या स्पीडने क्लियर केली असती तर एव्हाना मॅनेजर झाली असती."

"तू सेल्सचे टार्गेट चुकवतोस, मी निदान लावते," मृणाल म्हणाली. नजर कागदावरच.

ईरा नऊ वर्षांची. मी तिला विचारलं, "तुला आवडतं का आई हे करते ते?" तर वाटीतल्या कॉर्नफ्लेक्समधला चमचा न थांबवता म्हणाली, "इट्स फाइन, आजी. शी गेट्स क्रँकी इफ यू टॉक."

त्या दिवसापासून माझ्याकडे काम आलं. मी खुर्चीवर बसून तोंडाने "बीप" म्हणायची. कधी पटकन, कधी तंगवून, तिला आधी कळू नये म्हणून. ती धावली की ठोकळे फरशीवर खडखडायचे. खालचा शेजारी तक्रार करेल म्हणून मी गोधडी पसरली, आणि ठोकळा पडला रे पडला की वाकून उचलायची. गुडघे कुरकुरायचे, पण म्हटलं पोरीच्या पायात येऊन घसरली तर? महिनाभर मी ती फरशी तिच्यासाठी स्वच्छ ठेवली.

एका शुक्रवारी ती मला शारजाच्या औद्योगिक भागात घेऊन गेली. तिचं ऑफिसही त्याच बाजूला, एसीच्या सुट्या भागांचं. गल्ल्यांमागून गल्ल्या, टायर, पत्रे, रंगाचा वास, नि प्रत्येक दारात कुणी तरी उकिडवं बसून काही तरी ठोकतोय. एका वर्कशॉपमध्ये तिने कमी उंचीची खिडकी बनवायला टाकली होती, गुडघ्यांवर बसून त्यातून नेम धरायचा सराव करायला. वेल्डर मंडणगडचा निघाला. रशीद नाव.

"चिपळूणच्या का मावशी? म्हणजे माहेरच्याच की!" त्याने ड्रम पुसून मला बसायला दिला, करक (दाट, वेलचीचा चहा) मागवला. मग हळूच मला, "ताई ही खिडकी घेऊन नेम कोणावर धरणार? साहेबांवर?"

"साहेबांना लागणार नाही, ते जागेवर कधी सापडतच नाहीत," मृणाल म्हणाली.

रशीद पोट धरून हसला. मग त्याने फोन काढून त्याच्या मुलीचा फोटो दाखवला. कॉलेजात कबड्डी खेळते म्हणे. "मी अजून एकपण मॅच बघितली नाय मावशी. सुट्टी मिळते तेव्हा तिची मॅच नसते, मॅच असते तेव्हा सुट्टी नसते. तुम्ही नशीबवान." तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) पहिल्यांदा गेलो ती सकाळ धुक्याची. वाळवंटात धुकं असतं हे मला कुठे ठाऊक? रस्त्याच्या कडेला गाफची झाडं (आपल्या शमीच्या जातीची, काटेरी) भुतासारखी उभी, आणि त्यांच्यातून तीन उंट डुलत गेले, कुणाची पर्वा नसल्यासारखे. उन्हं वर आली तशी वाळू गुलाबी, मग पिवळी, मग डोळ्यांत खुपणारी.

तिथे मी पोचताच घोटाळा केला. एका टेबलाशी मृणाल उभी होती, रिकाम्या पिस्तुलाशी काही करत होती. मला वाटेत वाळूत एक गोळी सापडली, कुणाची तरी पडलेली. म्हटलं द्यावी नेऊन. मी टेबलाशी गेले तोच एक बुटका माणूस हात पसरून माझ्यासमोर उभा. "मॉमी! मॉमी! नो, नो!" त्या टेबलाशी पिस्तुलाला हात लावता येतो, पण गोळी घेऊन जायची नाही; आणि गोळी जिथे घ्यायची तिथे पिस्तुलाला हात लावायचा नाही. मृणालने माझी गोळी पाहिली नव्हती, म्हणून वाचली. घेतली असती तर तिथल्या तिथे बाहेर.

तो बुटका माणूस म्हणजे रॉमेल, फिलिपिनो, तिथला रेंज अधिकारी आणि मृणालचा गुरूच म्हण. खेळाडूच्या मागे मागे हातात घड्याळ घेऊन पळतो, आणि चूक दिसली की ओरडतो. मी त्याला तांदळाची बोरं दिली, तेव्हा चघळता चघळता म्हणाला, "मॉमी, बिफोर, शी सेज गुडबाय टू एव्हरी टार्गेट. नाऊ शी जस्ट गोज." खरं होतं ते. घरी पाहायची मी. आधी ती एका कागदावर नजर रेंगाळवायची, लागलं की नाही बघत बसायची. आता लागायच्या आत डोळे पुढच्यावर. लागलं याची खात्री हाताला असते म्हणे, डोळ्यांनी मागे राहायचं नाही.

आणि हसायचंच असेल ना सुमे, तर यावर हास. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना रिकाम्या हातांनी आत फिरून बघायला देतात. चांगली दाढीवाली, पोटं सुटलेली माणसं, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतला, दोन्ही हात जोडून बोटं पुढे करून, तोंडाने काही पुटपुटत पावलं टाकतात, वळतात, वाकतात. एकमेकांच्या वाटेत येतात, "सॉरी, सॉरी" म्हणतात. लांबून बघितलं तर वेड्यांची जत्रा. त्यांच्यात माझी लेक, केस घट्ट बांधलेली, डोळे मिटून पुन्हा तीच पावलं टाकणारी. लहानपणी पाढे म्हणताना असेच डोळे मिटायची.

मॅचच्या सकाळी मी अंघोळ करून कुंकवाची डबी पर्समध्ये टाकली. पिस्तूलही हत्यारच, दसऱ्याला आपण कोयत्या-विळीला सोडत नाही. रेंजवर तिने क्लबमधून सामान घेतलं. पिस्तुलाला मला हात लावता येत नव्हता, पण गोळ्यांच्या रिकाम्या डब्या तिने माझ्यापुढे धरल्या. "लाव आई, पण पटकन." मी एकेका डबीला बोट टेकवलं. शेजारची इजिप्तची बाई कौतुकाने बघत होती. तिने आपल्या डब्याही पुढे केल्या! तिलाही लावलं. सगळ्या हसलो.

आणि मृणाल काय खेळली गं! पहिल्या मैदानात लोखंडी पत्रे असे पडले, जसे कुणी फुंकर घातली. दुसऱ्यात ती रशीदच्या खिडकीएवढ्याच खिडकीत गुडघ्यांवर बसली आणि उठली तेव्हा रॉमेलच्या भुवया वर. दुपारी पडद्यावर आकडे आले, ती दुसरी होती. प्रसाद ईराला घेऊन आला होता. तो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साली खरंच चांगली आहे की." इतक्या वर्षांत त्याला हे आज कळलं. पण कळलं, म्हणून मला गहिवरून आलं.

शेवटचं मैदान अरुंद बोळासारखं. आत जायचं, टोकाशी गोळ्या झाडायच्या, डबी बदलायची, आणि त्याच बोळातून मागे सरकत येऊन डावीकडच्या दारातून उरलेलं लक्ष्य घ्यायचं. मी दोरीच्या अलीकडे, कानांवर ते जाड झाकण लावून. बीप झाला. ती आत गेली. रिकामी डबी खाली पडली, नवी बसली, आणि मागे येताना तिचा पाय त्या पडलेल्या डबीवर पडला.

तू सांग, आपल्या पोरींना काय शिकवतो आपण? पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, झाडूला लागला, तर काय करायचं? विचार करून करतो का आपण ते? अंगच करतं. मृणालचा उजवा हात डाव्यातून सुटला आणि छातीकडे आला. नमस्काराला. त्या हातात पिस्तूल होतं. बोट चापाबाहेर होतं, कुणालाही काही झालं नसतं, पण नळीचं तोंड तिच्याच डाव्या दंडावरून गेलं.

"स्टॉप!"

रॉमेलचा आवाज कानांच्या झाकणांतून आत आला. मृणाल जागच्या जागी दगड. तिने पिस्तूल समोर रोखलं, रिकामं केलं, दाखवलं, ठेवलं. सगळं शिस्तीत. मुख्य अधिकारी आले, वयस्क, कंदुऱ्यातले (अरबांचा पांढरा पायघोळ सदरा). त्यांनी रॉमेलकडून ऐकलं, मान हलवली, आणि मृदू आवाजात तिला विचारलं की असं का केलंस.

"आय स्लिप्ड, सर," ती म्हणाली.

मी दोरी ओलांडायला निघाले होते. सांगणार होते, अहो घसरली नाही ती, तिने नमस्कार केला. तिने माझ्याकडे फक्त पाहिलं. मी तिथेच थांबले.

मग रॉमेलला मी गाठलंच. मोडक्या हिंदीत, हाताने करून, पाय असा लागला की हात असा जातो, सगळं दाखवलं. त्याचे डोळे भरले गं. म्हणाला, "मॉमी, आय अंडरस्टँड. वी ऑल्सो मेक द क्रॉस. बट एम्प्टी हँड." आणि कागदावर जे लिहायचं ते त्याने लिहिलंच. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

सगळे गाडीत बसलो. ईरा एकदा म्हणाली, "मम्मा, व्हाय डिड यू से यू स्लिप्ड?" प्रसाद म्हणाला, "ईरा, खलास (म्हणजे पुरे)." मग सिग्नलला मृणालच बोलली, आरशात माझ्याकडे बघत.

"तीन वर्षं प्रॅक्टिस केली आई. घरी एकदा जरी पाय पडला असता ना ठोकळ्यावर, तर तेव्हाच कळलं असतं. मोडून काढली असती सवय. पण तू उचलत होतीस."

घरी पोचलो. प्रसाद कनाद (आपली सुरमई) घेऊन आला, मी तळली, आमसुलाचं सार केलं. सगळ्यांनी खाल्लं. मृणालनेही खाल्लं, "छान झालंय" म्हणाली. ते "छान झालंय" घशात काट्यासारखं अजून आहे माझ्या. त्या तिघींत ती इजिप्तची बाई गेली. कुंकू तिच्याही डबीला होतं, पण तिच्या आईने तिला आमच्यासारखं वाढवलेलं नव्हतं.

उरलेले दिवस अबुधाबी पाहिलं, समुद्र पाहिला, ईराला मोदक शिकवले. हॉलच्या भिंतीवरचे कागद तसेच होते, पण मला कुणी "बीप" म्हणायला बसवलं नाही. परतताना विमानतळावर मृणालने माझ्या बॅगेत खजूर कोंबला, पाया पडायला आली. वाकली तेव्हा मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले, म्हटलं, राहू दे. तिला वाटलं मी रागावले.

मला परत येऊन काही महिने झाले, आणि गेल्या पंधरवड्यात ईराशी व्हिडिओवर बोलत होते. मागे कपाटावर काही तरी चमकलं. "ते काय गं?" तर ती म्हणाली, "मम्माज मेडल! शी केम फर्स्ट. शी इज इन द टीम नाऊ. ऊप्स." आणि हाताने तोंड झाकलं.

मृणाल आली फोनवर. मी म्हटलं, "अगं, सांगायचं तरी. मी देवाला काही..." आणि थांबले.

"आई, रागावू नकोस," ती म्हणाली. "तिथे उभी राहिले की मला कुणाची मुलगी असून चालत नाही. तू लांबून 'आज मॅच ना गं' विचारलंस तरी मी मुलगी होते. मॅच झाली की सांगेन. आधी नाही सांगणार. चालेल?"

"चालेल," म्हटलं. न चालून काय करते? ठोकळ्यांवर पाय देत देत तिने ती सवय मोडली म्हणे, रोज सकाळी. माझी एक शिकवण तिने पायाखाली घालून घालून घालवली, म्हणून पहिली आली. मला आनंद झाला नाही असं नाही सुमे, पण तो आनंद कडू निघाला. पोरगी वाढवताना आपण तिच्या अंगात काय काय पेरतो, आणि त्यातलं काय उपटून टाकल्यावर तिचं भलं होतं, हे आपल्याला कुणी आधी सांगत नाही. आणि सांगितलं असतं तरी मी वेगळं काय शिकवलं असतं, देव जाणे. पाय लागला तर नमस्कार कर, हेच शिकवलं असतं.

त्यांच्या मॅचा बहुतेक शनिवारी असतात. म्हणून शनिवारी मी तिला फोन करत नाही. हात जातो फोनकडे, पण मीही मोडतेय सवय. घरात दुसरं कुणी नाही, काम दहा वाजता संपतं, आणि मग तो दिवस काही केल्या सरत नाही. तेव्हा आता ग्रुपवर तोंडं टाकणं पुरे. लवकर ये गं. मुलांची, नवऱ्याची कारणं सांगू नकोस, आणि जमलं तर शनिवारीच ये.